हरणाच्या मोसमासाठी पहिली रायफल

थँक्सगिव्हिंगच्या आधीचा शनिवार उजाडतो, तेव्हा अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधली निम्मी खेडी रानात असतात. बंदुकीने हरीण मारायचा तिथला मुख्य मोसम नऊ दिवसांचा आणि त्यासाठी परवाना काढणारे पाच लाखांहून जास्त. त्यांत प्लंबर असतात, शाळामास्तर असतात, दुधाचा गोठा चालवणारे असतात, आजोबांचा हात धरून आलेल्या नाती असतात. शेजारच्या मिशिगनमध्ये १५ नोव्हेंबर ही तारीख सणासारखी पाळतात. शिकारीचं हे रूप आपल्याला अनोळखी आहे. आपल्याकडे शिकार म्हटली की संस्थानिकांच्या दिवाणखान्यातला पेंढा भरलेला वाघ आठवतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती वाट अडवली आणि १९९१ च्या दुरुस्तीने उरलीसुरली फटही बुजवली. ते योग्यच झालं.

अमेरिकेतला हिशोब निराळा आहे. बाजारात मांस आणि कातडी विकण्यासाठी झालेल्या कत्तलीमुळे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथलं पांढऱ्या शेपटीचं हरीण जेमतेम काही लाखांवर आलं होतं. आज ते तीन कोटींच्या आसपास आहे. मधल्या काळात रानातल्या मांसाच्या विक्रीवर बंदी आली, मोसम आखले गेले, आणि १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने रायफली व काडतुसांवरचा ११ टक्के कर राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे वळवला. म्हणजे जंगलं राखायच्या खर्चाचा मोठा वाटा शिकारीच उचलतो. लांडगा आणि कूगर बहुतेक भागांतून कधीच हद्दपार झाले. त्यामुळे हरणांची संख्या आवरायला माणसाशिवाय फारसं कोणी उरलेलं नाही. मारलेलं हरीण घरच्या फ्रीजरमध्ये जातं आणि हिवाळाभर पुरतं.

तिथे स्थायिक झालेल्या मराठी माणसाला ऑफिसातला एखादा सहकारी कधी ना कधी विचारतोच, ‘येतोस का यंदा आमच्याबरोबर?’ होकार दिला की पहिला प्रश्न पडतो रायफलीचा, आणि दुकानात गेलं की भिंतभर टांगलेल्या रायफली पाहून डोकं गरगरतं. कोणती कंपनी, कोणतं मॉडेल यावर तिथे तासन्‌तास वाद घालणारे भेटतात. माझं मत विचाराल, तर कंपनीचा प्रश्न सगळ्यांत कमी महत्त्वाचा. त्याच्या वर काडतूस, काडतुसाच्या वर दुर्बीण आणि या सगळ्यांच्या वर सराव. पैसे वाटायचेही याच हिशोबाने. एकूण हजार डॉलर धरले, तर साडेचारशे-पाचशेची रायफल, दोनशे-अडीचशेची दुर्बीण, पन्नासेक डॉलरच्या कड्या आणि पट्ट्या, आणि उरलेलं सगळं काडतुसांना. आठशेची रायफल घेऊन तिच्यावर साठ डॉलरची दुर्बीण बसवणारे पुष्कळ असतात. त्यांचा मोसम संध्याकाळी पंधरा मिनिटं आधीच संपतो. का, ते पुढे येईलच.

दुकानात जाण्याआधी कागदपत्रं. परवानाधारक दुकानदाराकडून लांब नळीची बंदूक घ्यायला संघराज्याच्या कायद्याने १८ वर्षं पूर्ण लागतात, काही राज्यांत २१. दुकानात एक लांबलचक फॉर्म भरावा लागतो आणि पार्श्वभूमीची तपासणी होते. ग्रीन कार्ड असलं तर अडचण नाही. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना मात्र बंदूक जवळ बाळगायलाच मनाई आहे. पण राज्याचा वैध शिकार परवाना असेल तर त्या मनाईतून सूट मिळते. म्हणून व्हिसावर असणाऱ्याने आधी परवाना काढायचा, मगच रायफलीला हात लावायचा, मित्राच्या रायफलीलासुद्धा. क्रम चुकला तर गुन्हा होतो, आणि तो इमिग्रेशनच्या फायलीत जन्मभर चिकटतो. परवान्याआधी बहुतेक राज्यांत शिकारी-सुरक्षेचा अभ्यासक्रम सक्तीचा असतो. विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९७३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या सर्वांना तो करावा लागतो. सक्ती नसती तरी करावा. तिथले शिक्षक बहुधा गावातलेच जुने शिकारी असतात, आणि कोणत्या रानात किती लांबून बार काढावा लागतो हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं.

रायफलीची निवड त्या अंतरापासूनच सुरू होते. पूर्वेकडच्या आणि मध्य-पश्चिमेच्या दाट रानात हरीण शंभर यार्डांच्या, म्हणजे ९१ मीटरच्या आतच दिसतं. त्यापलीकडे झाडंच झाडं. वायोमिंग, मोंटानाच्या उघड्या माळावर दोनशे-तीनशे यार्डांचीही वेळ येते. आता हरणाचं शरीर पाहा. खांद्यामागे फुप्फुसं आणि हृदय असलेला भाग साधारण आठ इंच व्यासाचा. गोळी तिथे बसली तर जनावर काही क्षणांत पडतं. मागे पोटात बसली तर ते मैलभर जाऊन तडफडत मरतं आणि कदाचित सापडतही नाही. सगळी धडपड त्या आठ इंचांसाठी. आजची चारशे-पाचशे डॉलरची रायफल टेकू देऊन झाडली, तर शंभर यार्डांवर तीन गोळ्या इंच-दीड इंचात पाडते. दोनशे यार्डांवर तीन इंच धरा. म्हणजे गरजेपेक्षा कितीतरी जास्त अचूकता स्वस्त रायफलीतही आहे. कमी पडतो तो रायफल धरणारा.

हे नेहमी असं नव्हतं. १९३६ मध्ये आलेल्या विंचेस्टर मॉडेल ७० सारख्या रायफलींत कारागिराचा हात फार लागायचा. लाकडी दस्ता कोरून त्यात पोलादी भाग बेताने बसवायचा, नळी पेचात फिरवून काडतुसासाठीची जागा अचूक जुळवायची. काडतूस कोठीत बसल्यावर त्याच्या मागे किती फट उरते, यावर अचूकता आणि सुरक्षितता दोन्ही अवलंबून असतात, आणि ती फट जुळवणं वेळखाऊ काम. १९५८ मध्ये सॅव्हेजने ११० हे मॉडेल काढलं, त्यात नळी एका मोठ्या नटाने आवळायची युक्ती होती. मापाचा ठोकळा कोठीत घालायचा, नळी त्याला टेकेपर्यंत फिरवायची, नट आवळायचा, झालं. कारागिराचं काम साध्या कामगाराच्या हातात आलं. पुढे संगणकावर चालणारी यंत्रं आली, साच्यात ओतलेले प्लॅस्टिकचे दस्ते आले, आणि दस्त्याला न टेकता मोकळी राहणारी नळी सर्रास झाली. २००३ च्या सुमारास सॅव्हेजने ग्राहकाला स्वतः हलका-जड करता येणारा चाप आणला. बाकीच्यांना त्याच्या मागोमाग जावंच लागलं. सॅव्हेज ॲक्सिस, रुगर अमेरिकन, मॉसबर्ग पेट्रियट या आजच्या स्वस्त रायफली याच वाटेने आल्या. तीनशे-चारशे डॉलर जास्त मोजायची तयारी असेल तर फिनलंडची टिक्का टी३एक्स आहे. तिचा बोल्ट, म्हणजे काडतूस कोठीत ढकलणारा दांडा, लोण्यासारखा सरकतो. पण हरणाला त्याचं काय!

स्वस्तपणा कुठे दिसतो तेही सांगायला हवं. बोल्ट मागे-पुढे करताना खरखरतो. मॅगझिन प्लॅस्टिकचं असतं, थंडीत बोटं गारठली की नीट बसत नाही. दस्त्याचा पुढचा भाग इतका लवचीक असतो की जोर देऊन टेकवला तर नळीला लागतो आणि नेम हलतो. म्हणून घेण्याआधी नळी आणि दस्ता यांच्यामध्ये कागद घालून तो कोठीपर्यंत सरकतो का ते पाहावं. एवढं सोडलं तर या उणिवांसह वीस वर्षं सुखाने काढता येतात.

रायफल बोल्टचीच घ्यावी. १८९८ च्या माउझरपासून हा सांगाडा मुळात फारसा बदललेला नाही. साधा, मजबूत, साफ करायला सोपा. बोल्ट उघडा ठेवला की रायफल रिकामी आहे हे दहा फुटांवरून दिसतं, आणि नवशिक्यांच्या घोळक्यात याची किंमत फार मोठी आहे. शिवाय दुसरी गोळी लगेच झाडता येत नाही म्हणून माणूस पहिलीच नीट झाडतो. पेनसिल्व्हेनियात हरणासाठी अर्धस्वयंचलित रायफल चालतच नाही.

मग ती अंगाला बसते का ते पाहायचं. दस्त्याच्या टोकापासून चापापर्यंतचं अंतर प्रौढांच्या मॉडेलमध्ये साडेतेरा इंचांच्या आसपास असतं. सव्वापाच फुटांच्या माणसाला ते लांब पडतं. मान ताणून दुर्बिणीत बघावं लागतं. दस्ता कोपराच्या आतल्या बाजूला टेकवून बोट चापावर सहज पोचलं पाहिजे. पोचत नसेल तर कॉम्पॅक्ट मॉडेल मागावं. लहान मुलांसाठीचं म्हणून लाजू नये. हे अंगावरच्या जाड जॅकेटसकट तपासायचं, कारण नोव्हेंबरात शर्टावर कोणी रानात जात नाही. डोळ्याचीही एक परीक्षा आहे. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये छोटी फट ठेवा, तिच्यातून दूरची वस्तू बघा आणि एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने ती फटीतच राहते तो तुमचा मुख्य डोळा. उजव्या हाताच्या माणसाचा डावा डोळा मुख्य निघाला, तर डावखुरी रायफल घेऊन सुरुवातीपासून डाव्या खांद्यावर शिकणं बरं.

आता काडतूस. यावर लोकांची मैत्री तुटते.

नावांनी आधी घाबरायला होतं. .३०८ विंचेस्टर म्हणजे गोळीचा व्यास इंचाच्या हजाराव्या भागांत ३०८, अर्थात ७.८ मिलिमीटर. .३०-०६ मधला ०६ म्हणजे १९०६ साल, त्या वर्षी अमेरिकी लष्कराने ते काडतूस स्वीकारलं. .२७० ची गोळी प्रत्यक्षात .२७७ इंचांची असते. एकच नियम नाही, आणि तर्क लढवण्यात अर्थ नाही. नळीवर कोरलेलं नाव आणि काडतुसाच्या खोक्यावरचं नाव अक्षर न्‌ अक्षर जुळलं पाहिजे. जुळत नसेल ते काडतूस कोठीत घालायचं नाही. ते आत बसतंय म्हणून चालेल असं समजणाऱ्यांनी रायफली फोडल्या आहेत.

काडतुसाची ताकद दोन गोष्टींतून येते, गोळीचं वजन आणि तिचा वेग. वजन ग्रेनमध्ये मोजतात. १५० ग्रेन म्हणजे ९.७ ग्रॅम. .३०८ ची १५० ग्रेनची गोळी नळीतून सेकंदाला साधारण ८६० मीटर वेगाने निघते. .२४३ विंचेस्टरची १०० ग्रेनची, म्हणजे साडेसहा ग्रॅमची गोळी ९०० मीटरने. ६.५ क्रीडमूरची १४० ग्रेनची ८२० च्या आसपास. वेगाचे आकडे जवळजवळ सारखे, पण खांद्यावर फरक चांगलाच जाणवतो. त्याच वजनाच्या रायफलीत .३०८ चा धक्का .२४३ च्या पावणेदोन पट लागतो, .३०-०६ चा दुपटीहून थोडा जास्त, आणि .३०० विंचेस्टर मॅग्नमचा अडीच पटीपुढे.

पहिल्या रायफलीसाठी मला याच धक्क्याचा आकडा सगळ्यांत मोलाचा वाटतो. कारण शरीर शिकतं. चार-पाचदा खांद्याला जोराचा दणका बसला की पुढच्या वेळी बार होण्याआधीच डोळे मिटतात, खांदा पुढे येतो, बोट चाप दाबायच्या ऐवजी झटका देतं आणि नळी खाली जाते. ज्याचं होतं त्याला हे कळतच नाही, बाराच्या आवाजात झाकून जातं. उघडं पाडायचा उपाय जुना आहे. तुम्ही दुसरीकडे बघत असताना सोबत्याने कधी खरं काडतूस, कधी नकली घालून रायफल हातात द्यावी. नकली निघालं आणि चाप दाबताच नळीने डुबकी मारली, तर रोग लागला आहे. तो लागल्यावर घालवायला काडतुसांची खोकीच्या खोकी जातात, म्हणून लागूच न देणं स्वस्त.

तरी फार हलकंही नको. कोलोरॅडोत हरणासाठी .२४ इंचांपेक्षा बारीक गोळी चालत नाही. बऱ्याच राज्यांत अशी काही ना काही किमान मर्यादा आहे. १९५५ चं .२४३ त्या मर्यादेच्या जरा वर बसतं. धक्का सौम्य, हरणाला पुरेसं. फक्त नेम चुकला तर ते कमी माफ करतं. १९५२ चं .३०८ हे मधलं, सगळ्या दुकानांत मिळणारं, पुढे एल्कसारखं मोठं जनावर मारायची इच्छा झाली तरी पुरणारं. २००७ मध्ये हॉर्नडी कंपनीने आणलेलं ६.५ क्रीडमूर या दोघांच्या मधोमध आहे. लांब, सडपातळ गोळी वाऱ्याला कमी दाद देते आणि धक्का .३०८ पेक्षा स्पष्टपणे कमी. त्याच्याभोवती जाहिरातबाजी फार झाली म्हणून जुने शिकारी नाक मुरडतात, आणि शंभर यार्डांच्या रानात त्याचा लांब पल्ला काही कामाचाही नाही. पण मऊ धक्का आणि दर दुकानात उपलब्धता या दोन कारणांसाठी नवख्याला मी तेच सुचवेन. गावातल्या दुकानात .३०८ चीच खोकी जास्त दिसत असतील तर .३०८. तिसऱ्या कशात पडू नये.

एका काडतुसाचं मात्र मला अप्रूप आहे. जिम कॉर्बेटच्या हातात .२७५ रिग्बी असायची, चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्यानंतर भेट मिळालेली. तिचं काडतूस म्हणजे इंग्रजी नावाखालचं ७×५७ माउझर. आज रेमिंग्टनचं ७ मिलिमीटर-०८ ताकदीने जवळपास तेच आहे, हरणासाठी झकास. पण ते दुकानात शोधावं लागतं, आणि पहिल्या मोसमाच्या आदल्या संध्याकाळी काडतूस शोधत हिंडणं बरं नव्हे.

हे सगळं ठरवण्याआधी राज्याचा नियम वाचावा. ओहायोत किंवा मिशिगनच्या दक्षिण भागात वर सांगितलेलं एकही काडतूस हरणासाठी चालत नाही. सपाट शेतीच्या आणि दाट वस्तीच्या या भागांत गोळी फार लांब जाऊ नये म्हणून सरळ भिंतीच्या, म्हणजे बाटलीसारखी मान नसलेल्या काडतुसांचीच परवानगी आहे. तिथल्यासाठी २०१९ मध्ये विंचेस्टरने .३५० लेजंड आणलं. धक्का कमी, दीडशे यार्डांपर्यंत चोख. गोळी कुठलीही असो, ती जनावरात शिरल्यावर फुलणारी हवी. सरावाची, पूर्ण तांब्याने मढवलेली स्वस्त गोळी आरपार निघून जाते आणि जखम बारीक ठेवते; अनेक राज्यांत शिकारीला ती बेकायदा आहे. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिशाची गोळीच चालत नाही, कारण शिशाचे कण पोटात जाऊन कॉन्डॉर गिधाडं मरत होती. मांस घरातली मुलं खाणार असतील तर इतर राज्यांतही शिसं नसलेली, भरीव तांब्याची फुलणारी गोळी घ्यावी असं मी म्हणेन. खोक्यामागे दहा-पंधरा डॉलर जास्त जातात.

दुर्बिणीकडे वळू. ३-९×४० हा आकडा दुकानात सगळीकडे दिसेल. तीनपट ते नऊपट मोठं दिसतं आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४० मिलिमीटर, एवढाच त्याचा अर्थ. ४० ला मोठेपणाने भागलं की डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशाच्या वर्तुळाचा व्यास मिळतो. नऊपटीवर ४.४ मिलिमीटर, सहापटीवर ६.७. अंधारात तरुण डोळ्याची बाहुली सात मिलिमीटरपर्यंत उघडते, पन्नाशीत पाचच्या आसपास. म्हणजे संध्याकाळी नऊपटीवरून सहावर आणलं की दुर्बीण डोळ्याला हवा तेवढा प्रकाश देते, आणि ५० मिलिमीटरच्या जाडजूड भिंगासाठी जास्त पैसे मोजायची गरज उरत नाही. उलट मोठं भिंग दुर्बीण उंच बसवायला लावतं, मग गाल दस्त्यावर टेकत नाही.

आता त्या पंधरा मिनिटांचा प्रश्न. बऱ्याच राज्यांत सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत शिकारीची मुभा असते, आणि हरणं नेमकी त्याच संधिप्रकाशात हिंडतात. स्वस्त दुर्बिणीत भिंगांवरचा लेप कमी, त्यामुळे दर भिंगाशी थोडा प्रकाश परावर्तित होऊन वाया जातो. दुपारी कळत नाही, संध्याकाळी हरणाच्या जागी राखाडी डाग दिसतो. खोक्यावर ‘फुली मल्टीकोटेड’ लिहिलेलं असावं. ओरेगनच्या ल्यूपोल्डची व्हीएक्स-फ्रीडम, विस्कॉन्सिनच्याच व्होर्टेक्सची क्रॉसफायर किंवा कोलोरॅडोच्या बरिसची फुलफील्ड यांपैकी कोणतीही चालेल. दुकानदाराला विनंती करून दुर्बीण संध्याकाळी दाराबाहेर नेऊन बघता आली तर उत्तम. दिव्यांच्या झगमगाटात सगळ्याच चांगल्या दिसतात. दुर्बिणीतली नेम धरायची फुली साधी असू द्या, ल्यूपोल्डने १९६२ मध्ये आणलेली, बाहेर जाड आणि मध्यभागी बारीक रेषांची. मासळीच्या काट्यासारख्या रेघोट्यांची जाळी लांबच्या नेमबाजांसाठी. अंधूक प्रकाशात ती गोंधळात टाकते.

दुर्बीण आणि डोळा यांच्यात साडेतीन इंचांच्या आसपास अंतर लागतं. ते कमी पडलं तर बाराच्या वेळी दुर्बिणीची कड भुवईवर येते आणि अर्धचंद्र कोरून जाते. शिकाऱ्यांच्या कपाळांवर हे चंद्र पुष्कळ दिसतात. रानात चालताना दुर्बीण तीन-चारपटीवर ठेवावी. हरीण तीस यार्डांवर अचानक उभं राहिलं आणि दुर्बीण नऊवर असली, तर आत नुसते केस दिसतात. आणि दूरचं काही निरखायला रायफलीवरची दुर्बीण कधीही वापरू नये. ती वर उचलली की नळीही तिकडेच वळते, आणि समोरची हालचाल माणसाची असू शकते. त्यासाठी गळ्यात वेगळी साधी दुर्बीण ठेवावी. अंगावर भडक नारिंगी कपडे बहुतेक राज्यांत सक्तीचे असतात तेही याच कारणाने. विस्कॉन्सिनमध्ये २०१६ पासून भडक गुलाबीही चालतो.

‘रायफल खराब निघाली’ या तक्रारींपैकी बऱ्याच खरं तर सैल स्क्रूच्या असतात. दुर्बिणीच्या पट्ट्या आणि कड्या बसवताना स्क्रूवरचं कारखान्याचं तेल पुसावं आणि मोजून आवळणाऱ्या पान्याने, कंपनीने सांगितलेल्या आकड्याइतकंच आवळावं. पान्याला साठ-सत्तर डॉलर पडतात. रेंजवर कोणाकडे तरी असतो, मागितला की देतात. मनगटाच्या अंदाजाने जोर लावला तर कडी दुर्बिणीची नळी चेपते.

मग झीरो करणं, म्हणजे फुलीचा मध्य आणि गोळी एका जागी आणणं. आधी रायफल रिकामी असल्याची खात्री करून बोल्ट काढायचा, रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवायची आणि नळीतून मागून बघत २५ यार्डांवरचं लक्ष्य मध्ये आणायचं. रायफल न हलवता दुर्बिणीतली फुली त्याच लक्ष्यावर फिरवायची. आता गोळी निदान कागदावर तरी पडेल. २५ यार्डांवर दोन-तीन गोळ्या झाडून फुली जवळ आणायची आणि मग शंभर यार्डांवर जायचं. दुर्बिणीच्या खटक्याला एक टिकटिक म्हणजे शंभर यार्डांवर पाव इंच. गोळ्या दोन इंच डावीकडे पडत असतील तर उजवीकडे आठ टिकटिकी. २५ यार्डांवर तेवढ्याच सरकण्याला चौपट लागतात, हे विसरून लोक डोक्याला हात लावून बसतात. दर वेळी तीन गोळ्यांचा झुबका पाहूनच खटका फिरवायचा. एका गोळीवरून फिरवत गेलं तर दुपार जाते आणि खोकं संपतं. मधे नळी गार होऊ द्यायची. कानांत बोळे आणि वर कर्णकवच, दोन्ही. रायफलीचा बार दीडशे डेसिबलच्या पुढे जातो आणि गेलेला कान परत येत नाही.

दाट रानातल्या शिकारीला शंभर यार्डांचा झीरो पुरतो. शेताच्या कडेला बसणार असाल, तर शंभरावर गोळी दोन इंच वर पडेल असं ठेवावं. .३०८ मग दोनशे यार्डांवर बरोब्बर बसते आणि तीनशेवर आठ-नऊ इंच खाली. तीनशेचा विचार पहिल्या वर्षी करूच नये.

झीरो झाल्यावर टेबल सोडायचं. रानात टेबल नसतं. बसून, गुडघा टेकून, झाडाला हात लावून झाडून बघायचं, आणि आठ इंची कागदी ताटलीत पाचच्या पाच गोळ्या कुठल्या अंतरापर्यंत पडतात ते पाहायचं. तेवढाच तुमचा पल्ला, मग खोक्यावर काहीही छापलेलं असो. रायफलीची काडतुसं खोक्याला पंचवीस ते पंचेचाळीस डॉलर पडतात, त्यात वीसच असतात. म्हणून अशाच घडणीची .२२ ची छोटी रायफल जमली तर घ्यावी. तिची एक गोळी दहा सेंटच्या आसपास पडते, धक्का जवळपास नाही, आणि चाप व श्वास यांची सवय तीच लावते. उन्हाळाभर .२२, ऑगस्टपासून मोठी. मोसमाच्या आदल्या आठवड्यात, ज्या काडतुसाने शिकार करणार त्याच खोक्यातल्या दोन गोळ्या झाडून झीरो जागेवर आहे ना ते पाहायचं, कारण कंपनी किंवा वजन बदललं की गोळी जागा बदलते.

संध्याकाळी गाडीकडे परतताना रायफल रिकामी करायची; गाडीत भरलेली रायफल ठेवायला कितीतरी राज्यांत बंदी आहे. उणे दहा अंशांतून आणलेली रायफल गरम स्वयंपाकघरात उघडी ठेवली की पोलादावर पाणी धरतं आणि सकाळपर्यंत गंज दिसायला लागतो. ती पिशवीतच दोनेक तास हळूहळू कोमट होऊ द्यावी, मग बोल्ट काढून पुसावी, नळीतून कोरडं फडकं ओढावं आणि तेलाचा हात फिरवावा. फार तेल नको. थंडीत ते घट्ट होतं आणि खटका पडत नाही. बोल्ट वेगळा, काडतुसं वेगळ्या कुलपात, रायफल कपाटात.